पाणी हलवू नये

७ एप्रिल २०२५, सोमवार, सकाळी सव्वानऊ. शेअर बाजार उघडला तेव्हा मी महाडजवळच्या सव गावी गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बसलो होतो. धाकटा भाऊ समोर कमरेइतक्या पाण्यात उभा होता. उजवा हात उंच धरलेला, हातात मोबाईल.

कुंडात बसण्याचा एक नियम आहे. हळू उतरावे आणि बसल्यावर हलू नये. स्थिर बसले की अंगालगतचे पाणी किंचित निवते व सोसवते. कोणी हलले की नवे कढत पाणी सर्वांच्या अंगाला लागते. म्हणून हलणाऱ्याची येथे गय होत नाही.

"दादा, उघडला! उघडल्या उघडल्या आपटला बघ!" भाऊ म्हणाला आणि एक पायरी वर चढला. पाणी हेलकावले.

"अरे, हलू नको रे!" दासगावचे एक म्हातारे गृहस्थ कोपऱ्यातून ओरडले. "बाजार तुझा पडला, भाजतोय मी!"

"तुमचं काय जातंय, बाबा?"

"कातडी जातेय!"

रात्रपाळी करून औद्योगिक वसाहतीतून थेट आलेला एक कामगार डोळे मिटून बसला होता. त्याने डोळे न उघडता सांगितले, "काका, तो मोबाईल सोडा पाण्यात. बाजार वर येतो की नाय बघू."

हसणे झाले. भाऊ हसला नाही. मीही हसलो नाही. पण मी एरवीही हसत नाही.

भाऊ मुंबईत महापालिकेत नोकरीला होता. मागल्या वर्षी निवृत्त होऊन तो पोलादपूरच्या वर आमच्या मूळ वस्तीत राहायला आला. मी तीस वर्षे एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली आणि पगारातून थोडे थोडे म्युच्युअल फंडांत घातले. माझे पाहून त्यानेही घातले. मी सांगितले नव्हते, अडवलेही नव्हते. दर सोमवारी तो मोटारसायकलवरून महाडला येतो आणि आम्ही सवला जातो. पूर्वी माझी पत्नी गुडघ्यांसाठी येत असे. ती गेली. सोमवार राहिला.

त्या दिवशी तो पहाटेच आला होता. शुक्रवारी अमेरिकेचा बाजार पडल्याची बातमी त्याने दोन रात्री ऐकली होती.

"सगळं विकून टाकतो," तो म्हणाला. "तू काय करतोस?"

"काही नाही."

"तुझं पण पडलं असेल ना?"

"पडले असेल."

"बघितलं नाहीस?"

"नाही."

"तुझा धीर मोठा हाय, दादा."

 कपडे घालताना मात्र मी माझ्या मोबाईलवर पाहिले. आकडा बराच खाली आला होता. काही वाटले नाही. प्रयोगशाळेत तापमापीवरचा आकडा वाचावा तसा वाचला आणि खिशात ठेवला. याला धीर म्हणत नाहीत, हे मला त्या वेळीही ठाऊक होते. मला कशासाठीच काही लागणार नव्हते. ज्याला काही नको असते, तो बाजार पडताना शांतच बसतो. लोक त्याला मुरलेला गुंतवणूकदार समजतात.

महाडला परतताना त्याने रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली. मागे बसलेल्या माझ्याकडे न वळता बोलला.

"स्लॅबचे पैसे पण त्यातच हायत."

"कोणत्या स्लॅबचे?"

"घराच्या. जानेवारीत टाकले. मुंबईचा दोस्त बोलला, मेपर्यंत थोडे वाढतील, लाद्या निघतील. चौदा तारखेची जयंती झाली की सेंट्रिंगवाला येणार हाय. आता काढले तर स्लॅब पुरा नाय होणार."

त्याच्या घराच्या भिंती उभ्या होत्या. वर ताडपत्री होती. आमच्या डोंगरात पावसाळा चार महिने ताडपत्रीखाली काढता येत नाही. स्लॅब मेच्या आत टाकून त्याला पाणी मारून घ्यावे लागते. त्याच्या पत्नीने जुने घर पाडण्यापूर्वी विचारले होते, पावसाच्या आत होईल ना? हो म्हणणाऱ्यांत मी होतो.

आता मी त्याला 'शांत बस' असे सांगू शकत नव्हतो. शांत बसणे मला परवडत होते. वीस वर्षांसाठी ठेवलेला पैसा थांबू शकतो. मेमध्ये लागणारा पैसा थांबू शकत नाही. तो तेथे असायलाच नको होता. हे मी त्याला तेवढ्याच शब्दांत सांगितले.

"मग विकू?"

"विकू नको. घरी चल."

कपाटावर पत्नीच्या गुडघ्यांच्या एक्स-रेचा मोठा लिफाफा होता. बँकेच्या मुदत ठेवीची पावती त्यातच ठेवलेली होती. पैसे शस्त्रक्रियेचे होते. पुढची दिवाळी होऊ दे, असे ती दर वर्षी म्हणत गेली. तिच्या पश्चात मी तो लिफाफा उघडला नव्हता. उघडला, पावती काढली, मृत्यूच्या दाखल्याची प्रत घेतली आणि बँकेत गेलो.

खिडकीतल्या मुलीने पावती पाहिली. "काका, आज ठेव मोडताय? शेअर स्वस्त झालेत म्हणून घेणार वाटतं!"

"स्लॅब टाकायचा आहे."

तिने पावतीवरची दोन नावे वाचली. "काकूंची सही?"

मी दाखला पुढे सरकवला. तिने तो वाचला आणि मान खाली घातली. "इथे करा, काका. एकच चालेल."

मी एक सही केली. पैसे भावाच्या खात्यावर वळते केले.

तो बाहेर पायरीवर बसला होता. "झालं?"

"झाले."

"वहिनीचे पैसे ना ते?"

"हो."

त्याने चेहऱ्यावरून पंचा फिरवला. पंचा अजून ओला होता. तो म्हणाला, "ती हो बोलली असती का?"

"आधी तुला शिव्या दिल्या असत्या."

"मग?"

"मग हो म्हणाली असती."

तो हसला आणि लगेच थांबला. फंडांचे पुढे काय करायचे ते त्याने विचारले. मोबाईल तुझ्या पत्नीकडे दे आणि पावसाळा संपेपर्यंत मागू नको, असे मी सांगितले. बाजार पुढे वर जाईल की खाली, हे मी सांगितले नाही. मला माहीत नव्हते.

उन्हे कलल्यावर तो पोलादपूरकडे निघाला. मी जेवण गरम केले, थोडे जेवलो. एक्स-रे प्रकाशासमोर धरून पाहिला. दोन्ही गुडघे स्पष्ट होते. तो लिफाफ्यात घालून परत कपाटावर ठेवला. नंतर सेंट्रिंगवाल्याला फोन केला आणि जयंतीच्या दुसऱ्या दिवशी फळ्या घेऊन यायला सांगितले.