हळदीच्या गाण्यातले एकोणीस सेकंद

“आठ सेकंद मॅडम. नवव्या सेकंदाला ठोका पडला न्हाय, तर पोरं खुर्चीत बसत्यात. एकदा बसली की उठवायची कुणी?”

टेंभुर्णीचा डीजेवाला सांगत होता आणि मी डायरीत लिहून घेत होते.

सोलापुरात सात रस्त्याजवळ माझा छोटा स्टुडिओ आहे. मी गाण्यांचे व्हिडिओ बनवते. आमच्या धंद्यात बहुतेक जण आधी ड्रोन उडवतात आणि मग विचार करतात. मला त्याची भयंकर चीड. गाणं कुठल्या प्रकारचं, बघणारे कोण, त्यांना काय लागतं, हे आधी शोधायचं, मगच कॅमेऱ्याला हात लावायचा, हा माझा नियम. त्याचा मला गर्व होता. होता, असंच म्हणते आता.

काम माळशिरसच्या विलासकाकांचं होतं. शाळेत क्लार्क होते, आता रिटायर. काकू जाऊन वर्ष होत आलं होतं आणि लेक अश्विनीचं लग्न ठरलं होतं. काकूंनी आजारपणात, स्वयंपाकघरात उभं राहून, स्वतः रचलेलं हळदीचं गाणं काकांच्या मोबाईलवर म्हणून ठेवलं होतं. लेकीच्या हळदीला आपण नसणार, हे त्या माउलीला कळलं होतं.

“तिचं एकच म्हणणं व्हतं,” काका म्हणाले. “माझं गाणं डीजेवर वाजलं पायजे. रडायचं न्हाय कुणी, नाचायचं. आन् मॅडम, तिचा आवाज एवढाच हाय बरं का आमच्याकडं. दुसरा कुटंच न्हाय.”

मी फाईल कॉम्प्युटरवर घेतली. काकांचा मोबाईल गुड मॉर्निंगच्या चित्रांनी गच्च भरला होता, सारखा अडकत होता.

“काका, इथली फाईल काढू का? मोबाईल मोकळा होईल.”

“काढा की. तुमच्याकडं हाय न्हवं आता.”

मी काढली. वर त्यांच्यावर उपकार म्हणून मोबाईलमधला डिलीटचा कचराही साफ करून दिला.

मग माझा रिसर्च सुरू झाला. हळदीच्या गाण्यांचे ढिगाने व्हिडिओ बघितले. पिवळी साडी, हिरवा चुडा, वरून दिसणारा मांडव, आणि आठव्या सेकंदाच्या आत ‘ड्रॉप’. ड्रॉप म्हणजे संगीत क्षणभर थांबून एकदम जोरात आदळतं ती जागा. तिथेच लोक उठतात. ब्यूटी पार्लरमध्ये बसून बायकांना विचारलं. “रडकं नको बाई, मेकअप जातो,” एक जण म्हणाली. दुसरीला रील करता येईल अशी ओळ हवी होती. सगळं डायरीत उतरलं.

काकूंचं गाणं सुरू व्हायच्या आधी फाईलमध्ये एकोणीस सेकंद होते. त्यात काकू म्हणायच्या, “अवो, गॅस बारीक करा की. दूध उतू जाईल.” मग काकांचा आवाज, “केला. म्हण तू.” मग बांगड्या, खाकरणं, आणि मग, “पाट मांडा गं अंगणी, लेक बसती हळदीला.”

एकोणीस सेकंद! तेवढ्यात तर सगळी वरात घरी जाईल. मी डायरीत लिहिलं, ‘सुरुवात कट.’ गाण्यामागचा पंख्याचा, भांड्यांचा आवाज धुऊन काढला. हलगी घातली. फक्कड झालं. काकांना बघायला बोलावलं, तर म्हणाले, “आता पोरीसंगंच बघीन.” मी तोच होकार धरला. आणि फायनल झालं की रॉ, म्हणजे मूळ कच्ची फाईल पुसायची, ही आमची लग्नसराईतली रीत. डिस्कवर जागा पुरत नाही. मी पुसली.

हळद माळशिरसच्या मंगल कार्यालयात होती. मोठा पडदा लावला होता. आठव्या सेकंदाला ठोका पडला आणि वऱ्हाड उठलं! अश्विनी हळदीनं माखलेली, हसतेय, रडतेय, नाचतेय. तीनदा वाजवायला लावलं लोकांनी. मी कोपऱ्यात उभी, स्वतःवर खूश.

काका पहिल्या रांगेत बसले होते. प्रत्येक वेळी गाणं सुरू होताना खुर्चीत पुढं सरकायचे आणि ठोका पडला की मागं टेकायचे. तिसऱ्यांदा संपल्यावर माझ्याकडे आले.

“मॅडम, सुरुवात मागं कुटं हाय का?”

“कसली सुरुवात?”

“ते... दुधाचं. राहिलं वाटतं.”

“आहे काका, स्टुडिओत आहे,” मी म्हणाले. धडधडीत खोटं.

दुसऱ्या दिवशी डिस्क घेऊन फाईली परत मिळवून देणाऱ्याकडे धावले. त्यानं दोन दिवस खटपट केली. “मॅडम, यावर तीन लग्नांचं शूट बसलंय. विसरा.” काकांचा मोबाईल मागवला. तोही हळदीच्या फोटोंनी भरून गेला होता. काही निघालं नाही.

आठवड्यानं काका मोबाईल न्यायला आणि लग्नाचे लाडू द्यायला आले. मी सगळं सांगून टाकलं. सांगताना रडले. “शिव्या तरी घाला हो काका,” म्हणाले.

काकांनी लाडवांचा डबा माझ्यापुढं सरकवला. “गाणं समद्यांसाठी व्हतं,” मग म्हणाले. “ते पोचलं. तेवढं दुधाचं माझं व्हतं. रोज सकाळी चा ठेवला की लावायचो. तुमाला सांगायचं माझ्याच ध्यानात आलं न्हाय.” आणि विचारलं, “तुमी ऐकलंय की ते?”

“वीसेक वेळा. कट कुठे मारायचा ते बघायला.”

“मग सांगा बरं. बारीक करा म्हणाली का बंद करा? कालपासनं घोळ व्हतोय माझा.”

“बारीक करा की, म्हणाल्या. दूध उतू जाईल.”

“व्हय,” काका म्हणाले. “बारीकच.” आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

माझा रिसर्च चुकला नव्हता. डीजेवाल्याला विचारलं, पार्लरमधल्या बायकांना विचारलं. ज्यांच्या घरातलं गाणं, त्यांना मात्र विचारलं नाही. आता रॉ पुसत नाही, जास्तीची डिस्क घेते. आणि काम घेतानाच विचारते, “यातलं तुम्ही रोज काय ऐकता?” लोक बुचकळ्यात पडतात, पण सांगतात.

अधूनमधून सकाळी काकांचा फोन येतो. “मॅडम, तेवढं सांगा की.” हातातलं काम ठेवून मी म्हणते, “अवो, गॅस बारीक करा की. दूध उतू जाईल.”

“केला,” काका पलीकडून म्हणतात. “म्हण तू.”