काउंटरवर मागितलेले पाणी

मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी नांदेडहून आमच्याकडे लातूरला आली, त्याच आठवड्यात एका सकाळी पत्नीने मला स्वयंपाकघरात बोलावून दार लोटून घेतले. ती सत्तेचाळीस वर्षांची, मी पन्नाशी ओलांडलेला. तिची पाळी अलीकडे अनियमित झाली होती. आता भीती उरली नाही, असे आम्ही दोघांनी मनानेच ठरवून टाकले होते. आदल्या रात्रीनंतर तिला ते पटेनासे झाले.

"अहो, पाळी बंद झाली न्हाई अजून, नुसती मागंपुढं होती. दिवस राहिले तर? लेकीचं बाळंतपण करू का माझं?"

ती हसत होती, पण ओट्याची कड तिने घट्ट धरली होती. मागचे बाळंतपण तिच्या जिवावर बेतले होते. ते हसणे मला सोसवेना.

"नंतर घ्यायची गोळी मिळती मेडिकलात. लेकीच्या तपासणीला गेले तवा नर्सबाई सांगत होत्या. जितकी लवकर तितकी बरी. आणता का?"

नवरा म्हणून इतके सोपे काम माझ्या वाट्याला क्वचितच आले असेल. तांबी बसवून घेणे, तिचा त्रास काढणे, शेवटी ती काढून टाकणे, हे सारे तिने एकटीने केले होते. मी दवाखान्याच्या बाकावर बसून वर्तमानपत्र वाचत असे, आणि त्यालाच सोबत म्हणत असे.

कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने मला पाहताच हाक मारली, "या आजोबा! नातवाची तयारी का?" दुकानातली माणसे कौतुकाने वळली. मी ग्राइप वॉटर मागितले.

घरी ती बाटली पाहून पत्नी रागावली नाही. "हे मी पिऊ का?" एवढेच म्हणाली आणि चपला घालू लागली.

आम्ही स्कूटरवरून औसा रोडला, अनोळखी दुकानात गेलो. तिथेही मी तिच्या मागेच उभा राहिलो. तिने गोळी मागितली. दुकानदार तिशीचा असावा. त्याने तिचे केस पाहिले, मग मला पाहिले.

"कोणाला पाहिजे, काकू?"

"मला."

"मग डॉक्टरची चिठ्ठी आणा."

"ह्या गोळीला चिठ्ठी लागत न्हाई, दादा."

"तसं न्हाई, पण... ह्या वयात..."

"वय माझं मला ठाऊक हाय. नवरा बी आणलाय सोबत, बघून घ्या."

शेजारी खोकल्याचे औषध घेत असलेली बाई फिसकन हसली. मी नको तिथे उगाच नमस्कार केला. दुकानदाराने आतल्या खणातून गोळी काढली आणि कागदात गुंडाळू लागला.

"गुंडाळू नका. पाणी द्या."

पाण्याची टंचाई सोसलेल्या आमच्या गावात पाणी मागणाऱ्याला नाही म्हणण्याची कोणाची छाती होत नाही. चिठ्ठीसाठी अडलेला तो माणूस लगबगीने आत गेला, पेला विसळला आणि भरून आणला. तिने तिथेच, सर्वांदेखत, गोळी घेतली. पेला परत देताना तिचा आवाज मऊ झाला.

"दादा, ही पुढं दिसंल अशी ठेवत जा. मी बोलले. एखादी नवी सून इतक्या सवालांनी माघारी जाईल."

त्याने पुढे काय केले, मला माहीत नाही. मी तिच्याकडेच पाहत होतो. तिच्याशी इतकी वर्षे संसार करूनही या वाटेवर मी तिला एकटीलाच चालवले होते.

नंतरचे दिवस आम्ही मुलीसमोर बाळाच्या दुपट्यांविषयी बोलत राहिलो. पत्नीला जरा गरगरले तरी मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवस मोजू लागे. मग एका दुपारी, गच्चीवर कुरडया उलथता उलथता, तिने हळूच सांगितले की पाळी आली. तिने पदराने घाम पुसला, की डोळे, ते मी विचारले नाही.

मनात घोळत असलेले वाक्य मी तेवढ्यात बोलून टाकले. "यापुढे तुला काही नको. ऑपरेशन मी करून घेतो."

"तुम्ही?" तिने कुरडई हातातच धरली. "सुई बघितली की डोळे मिटता, अन् ऑपरेशन?"

"डोळे मिटूनच करून घेईन."

ती इतकी हसली, की तिला खाली बसावे लागले. मीही तिच्याजवळ बसलो. जिन्यातून मुलीची हाक आली, "काय झालं गं आई?"

"काही न्हाई, बाळा," ती म्हणाली. "तुझे पप्पा शहाण्यावानी बोलाय लागलेत."