गणपत चिंदरकरच्या खोलीतली फील्ड व्हिजिट

गरिबीवरची व्याख्यानं गणपत चिंदरकरने जितकी ऐकली होती, तितकी एखाद्या प्राध्यापकानेही ऐकली नसतील. अकरा वर्षं, दर गुरुवारी, दुपारी तीन वाजता. विद्यापीठाच्या सार्वजनिक धोरण अभ्यासक्रमात तो शिपाई होता. कागदावर त्या जागेचं नाव बदलून आता 'मल्टिटास्किंग असिस्टंट' झालं होतं, पण टास्क तीच. पाहुण्या वक्त्याला गेटवरून वर आणायचं, माइकमध्ये फुंकर मारून बघायची, आणि मग मागच्या भिंतीला खुर्ची टेकवून शेवटपर्यंत बसून राहायचं, कारण प्रोजेक्टर मधेच मान टाकायचा.

बसून बसून त्याला त्या जगाची चांगलीच पारख झाली होती. वक्ता पहिल्या पाच मिनिटांत 'आव्हान' म्हणाला तर सरकारी, 'संघर्ष' म्हणाला तर संस्थेतला, आणि 'इकोसिस्टीम' म्हणाला तर त्याला चहा बिनसाखरेचा लागणार, हे तो मनातल्या मनात ठरवून टाकायचा. सहसा चुकायचा नाही. प्रश्नोत्तरांच्या वेळी पहिला प्रश्न विचारणारा प्रश्न विचारत नाही, स्वतःच बोलतो, हेही त्याला माहीत होतं. तेवढ्या वेळात तो खाली जाऊन चहा सांगून यायचा.

राहायला गणपत नायगावला, बीडीडी चाळीत, दुसऱ्या माळ्यावर. एकशेसाठ चौरस फुटांची खोली. वडील मालवणकडच्या गावातून गिरणीत आले, तेव्हा ती मिळालेली. ते जाऊन नऊ वर्षं झाली, तरी खोली त्यांच्याच नावावर होती. चाळीचा पुनर्विकास सुरू झाल्यावर गणपतला खोली स्वतःच्या नावावर करून घेणं भाग पडलं. नाव नाही तर करार नाही, आणि करार नाही तर नवं घर नाही. त्याने अर्ज केला. अडचण एवढीच होती, की वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्यावर 'चिंदरकर' होतं आणि खोलीच्या भाडेपावतीवर 'चिंद्रकर'. कचेरीचं म्हणणं, ही दोन वेगळी माणसं आहेत. गणपतला बाप एकच होता, पण तसं सिद्ध करणारा कागद त्याच्याकडे नव्हता.

एकदा 'सर्वांसाठी घर' या विषयावर बोलायला एक निवृत्त सचिव आले. गृहनिर्माण खात्यात बरीच वर्षं काढलेले. व्याख्यान संपल्यावर त्यांना लिफ्टकडे नेताना गणपतने धीर करून विचारलं, "साहेब, एक अक्षर चुकलं असेल तर कुठे जायचं?"

सचिव थांबले. त्यांनी गणपतच्या खांद्यावर हात ठेवला. "उत्तम प्रश्न आहे. सगळी योजना शेवटच्या टप्प्यावरच तर अडते." तेवढ्यात लिफ्ट आली.

महिन्याभराने वर्तमानपत्रात त्यांचा लेख छापून आला. सुरुवातच अशी, की परवा एका सामान्य माणसाने मला एक साधा प्रश्न विचारला. मॅडमनी तो लेख नोटीस बोर्डावर लावायला सांगितला. गणपतने चार टाचण्या मारून लावला.

मॅडम म्हणजे डॉक्टर वैदेही, अभ्यासक्रमाच्या प्रमुख. बाई मनाने वाईट नव्हत्या. दिवाळीला आठवणीने मिठाईचा पुडा द्यायच्या. गणपत कुठे राहतो हे मात्र त्यांनी कधी विचारलं नव्हतं. तो आठ वाजता ऑफिस उघडायचा आणि सहाला बंद करायचा. सहानंतरच्या चौदा तासांचं काय होतं, हा त्यांच्या संशोधनाचा विषय नव्हता.

त्या वर्षी जानेवारीत फील्ड व्हिजिट ठरली. विषय होता, 'गिरणगाव: निवास आणि धोरण'. अठरा विद्यार्थी, एक मिनीबस, पाण्याच्या बाटल्यांचे दोन खोके. आधी परळला एका बंद गिरणीची चिमणी बाहेरून पाहायची, मग लालबागला थांबून मसाला कुटणाऱ्यांशी बोलायचं आणि शेवटी एका कुटुंबाला भेट. कुटुंब कुठलं, ते मयूर ठरवणार होता. हा मयूर नायगावचाच. पूर्वी केबलची वसुली करायचा, आता परदेशी पाहुण्यांना चाळी दाखवतो. त्याच्या कार्डावर 'अर्बन स्टोरीटेलर' असं लिहिलेलं आहे.

बसमध्ये मॅडमनी सूचना दिल्या. "आपण तिथे पाहुणे आहोत. पंख्याकडे, भांड्यांकडे बोट दाखवायचं नाही. आणि स्टाफने उत्तरदात्यांशी बोलायचं नाही, नाहीतर उत्तरं बिघडतात." स्टाफ म्हणजे एकटा गणपत. त्याने मान डोलावली.

बस दादरकडे वळण्याऐवजी नायगावात शिरली, तेव्हा त्याला जरा बरं वाटलं. ओळखीचा रस्ता. बस त्याच्या चाळीसमोर थांबली, तेव्हा तो थोडा चपापला. आणि मयूर पुढे होऊन जिना चढू लागला, दुसऱ्या माळ्यावर वळला, तेव्हा खांद्यावरचा खोका त्याने एकदम खाली ठेवला आणि मयूरचा दंड धरला.

"माझ्या घरी आणलंस?"

"काकूंना विचारूनच ठरवलं," मयूर कुजबुजला. "म्हटलं, कॉलेजची पोरं येतील, दहा मिनिटं बसतील. तुमचंच कॉलेज हे मला काय माहीत?"

"माझं नाव काढू नकोस."

"का पण?"

गणपतने त्याचा दंड सोडला. अकरा वर्षं त्याने पडद्यावर माणसं पाहिली होती. फोटो, खाली वय, खाली अडचण. उद्या त्यात आपण. मग हीच मुलं आपल्याकडे चहा मागताना आवाज हळू करणार. मयूरने डोळा मिचकावला. त्यालाही दौरा पार पाडायचा होता.

गणपतची बायको दर्शना दारात उभी होती. नेसूची चांगली साडी, केसांत अबोली. तिने आधी मॅडमना नमस्कार केला, मग त्यांच्या मागे खोका घेऊन उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. गणपतने जेमतेम दिसेल अशी मान हलवली. ती दारातून बाजूला झाली. अठरा जण चपला काढून आत गेले. जे मावले नाहीत ते उंबऱ्यावर बसले. गणपत बाहेर गॅलरीत, चपलांच्या ढिगाजवळ.

वरद नावाचा मुलगा वही उघडून पुढे सरकला. "काकू, जागेच्या मर्यादेमुळे तुमच्या दैनंदिन जीवनावर कोणते ताण येतात?"

"म्हणजे काय ता?" दर्शनाने विचारलं.

"त्रास काय होतो, विचारतोय," मयूर म्हणाला.

"आता तुमी इतकी जणा बसलास, ह्यो त्रास. येरवी काय नाय."

सगळे मनापासून हसले. दोघींनी ते लिहूनही घेतलं. खोलीच्या कागदांवर एक अक्षर चुकलंय, तेवढं मग तिने सांगितलं.

"मिस्टर काय करतात?"

दर्शनाने पदर सारखा केला. "ते कॉलेजात आसतत. थय मोठी मोठी माणसा येवन गरिबांवर बोलतत. त्येंच्या घशाक कोरड पडता. मग हे त्येंका पाणी देतत."

वरदने लिहिलं. मग अदबीने विचारलं, "ते घरी फारसे नसतात का?"

"आता आसत की. दारात उभे आसत."

अठरा माना वळल्या. दारात गणपत होता, त्याच्या मागे गंमत बघायला जमलेले शेजारचे तिघे होते. मयूर घाईघाईने हसला. "काकू मस्करी करतात." माना परत फिरल्या. एका मुलीने मात्र जाता जाता म्हटलं, "गणपतकाका, एक बाटली द्या ना." त्याने दिली.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर दर्शनाने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि समोर बसली.

"माका काय तुमची लाज वाटूक नाय," ती म्हणाली. "तुमका कोणाची वाटली? माझी की खोलीची?"

गणपतने कप उचलला, तसाच खाली ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

तीन आठवड्यांनी वरदच्या गटाचा अहवाल झेरॉक्ससाठी आला. वीस प्रती, स्पायरल बाइंडिंग. मशीनजवळ उभ्या उभ्या गणपतने तो वाचला. कुटुंब क्रमांक सात, आधीची सहा मागच्या वर्षांच्या अहवालांतली. स्त्री-प्रमुख कुटुंब. पती बहुतांश अनुपस्थित, व्यवसाय असंघटित क्षेत्रातील पाणीवाटप. चिवटपणा: उच्च. आणि शेवटी शिफारस अशी, की कागदपत्रांमधील तफावतींचा अभ्यास करण्यासाठी राज्यस्तरीय कृतिदल नेमावं आणि त्याने अठरा महिन्यांत प्राथमिक टिपण द्यावं.

त्याने प्रती बांधल्या. एकही पान वाकडं जाऊ दिलं नाही.

गुरुवारी वरदने सादरीकरण केलं. मुलगा हुशार होता, बोललाही छान. पडद्यावर दर्शनाचा फोटो आला, तेव्हा त्याचा आवाज जरा भरून आला. टाळ्या पडल्या, मॅडम म्हणाल्या, "कुणाला प्रश्न?" आणि मागच्या भिंतीपाशी एक हात वर झाला.

"काय झालं गणपत, प्रोजेक्टर?"

"नाही मॅडम. प्रोजेक्टर बरा आहे." तो उभा राहिला. "कुटुंब सातमधला नवरा अनुपस्थित नाही. मी आहे तो."

वरदने पडद्याकडे पाहिलं, मग गणपतकडे, आणि परत पडद्याकडे, जणू दोहोंत खरं कुठलं ते ठरवत होता.

मग मॅडम सावरल्या. चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाल्या, हा क्षण आपल्या सर्वांसाठी किती महत्त्वाचा आहे, पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्यातली रेषा आज कशी पुसली गेली. सात-आठ मिनिटं बोलल्या. शेवटी म्हणाल्या, "गणपत, पुढे ये. तू बोल."

गणपत पुढे गेला, पण माइक घेतला नाही. त्याने चिंदरकर आणि चिंद्रकर सांगितलं. नऊ वर्षं सांगितली. मग म्हणाला, "मला कृतिदल नको. त्या कचेरीतले साहेब बुधवारी भेटतात. मी एकटा गेलो की मला बाकड्यावर बसवतात. तुमच्यापैकी दोघं-तिघं माझ्याबरोबर येऊन नुसते उभे राहिलात, तरी काम होईल. इंग्रजीत बोललात तर अर्ध्या तासात होईल. कोण येतं?"

सगळे उठून उभे राहिले. गणपतला क्षणभर वाटलं, हे सगळेच येतात की काय. पण ते टाळ्या वाजवायला उठले होते. नंतर वरद त्याला कॉरिडॉरमध्ये गाठून म्हणाला, "काका, मी अहवालात तळटीप टाकतो."

बुधवारी गणपत रजा टाकून साडेदहापासून कचेरीच्या गेटवर उभा राहिला. बारापर्यंत वाट पाहिली. एका मुलीचा मेसेज आला, असाइनमेंट आहे, पण मनाने आम्ही तुमच्यासोबत आहोत. तो एकटाच आत गेला. साहेब दौऱ्यावर होते.

घरी येऊन त्याने ते सांगितलं. दर्शना तांदूळ निवडत होती. "उद्या मी जातंय," ती म्हणाली.

ती तीन दिवस गेली. पहिल्या दिवशी तिला बाकड्यावर बसवलं. दुसऱ्या दिवशी तिने बाकडं ओढून थेट कारकुनाच्या टेबलाला लावलं, पिशवीतून कापूस काढला आणि मांडीवर वाती वळत बसली. कारकून म्हणाला, बाई, हे ऑफिस आहे. ती म्हणाली, "ह्या पावतीवरचा अक्षर तुमच्याच हपिसातला. तुमच्या माणसान 'र' जोडून लिवल्यान. तो सुटो होयसर मी हयच बसतंय." मग घरी येऊन सैपाक केला, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसली. टेबलाच्या कडेने वातींची रांग लागली. येणारे-जाणारे विचारू लागले, कसल्या वाती, कोणाच्या नावाने. दुपारी साहेब स्वतः बाहेर आले. जुनी नोंदवही मागवली. तिच्यात गणपतच्या वडिलांचं नाव सरळ, सुटं, 'चिंदरकर' असं होतं. ती वही गेली नऊ वर्षं त्याच टेबलामागच्या कपाटात होती. दुरुस्तीचा शेरा मारायला चार मिनिटं लागली.

करार झाला. वर्ष संपायच्या आत त्यांना बाविसाव्या मजल्यावरच्या घराची किल्ली मिळाली. दर्शनाला पहिले काही दिवस खिडकीशी उभं राहिलं की गरगरायचं. मग तिने तिथे तुळस ठेवली आणि गरगरणं थांबलं.

अभ्यासक्रमाची वार्षिक पुस्तिका निघाली. तिसऱ्या पानावर दर्शनाचा अबोली माळलेला फोटो होता आणि वर मथळा, 'आमच्या हस्तक्षेपातून'. खाली लिहिलं होतं, की विद्यार्थ्यांच्या क्षेत्रभेटीमुळे एका कुटुंबाचा नऊ वर्षांचा निवासहक्काचा प्रश्न सुटला. गणपतने ती पुस्तिका घरी नेली. दर्शनाने चष्मा लावून फोटो पाहिला, बरा आलाय म्हणाली, मजकूर त्याच्याकडून वाचून घेतला आणि विचारलं, "हस्तक्षेप म्हणजे काय ता?"

"हात घालणं," गणपत म्हणाला.

"खयचो हात?" तिने विचारलं, आणि पुस्तिका मिक्सरखाली घातली. तो नव्या ओट्यावर डगडगत होता.

जानेवारीत पुन्हा फील्ड व्हिजिटची वेळ आली. मयूर आता महाग झाला होता, त्याला जहाजातून येणारे पाहुणे मिळायला लागले होते. मॅडमनी गणपतला केबिनमध्ये बोलावलं, बसायला खुर्ची दिली. वर्षभर त्या त्याला 'गणपतजी' म्हणत होत्या.

"गणपतजी, यंदा शीवला जायचं ठरतंय. कोळीवाड्यात. तिथे तुमच्या ओळखीचं कुणी राहतं का? साधं कुटुंब हवंय, बोलकं."

गणपतची सख्खी बहीण तिथे राहत होती. दहा बाय बाराची खोली, तीन मुली, आणि बोलकी इतकी की समोरच्याला उसंत मिळत नसे.

"नाही मॅडम," गणपत म्हणाला, "शीवला आमचं कोणीच नाही." आणि तीन वाजत आले होते म्हणून तो माइक तपासायला गेला.