पोथीच्या बासनात

श्रीशारदेच्या चरणी मस्तक ठेवून लिहितो. आज दसरा. सरस्वतीपूजनासाठी नातवंडांनी आपली पुस्तके पाटावर मांडली आणि मला पोथी आणावयास सांगितले. बासनाची गाठ सोडताना माझा हात दरवर्षीप्रमाणे अडखळला. त्याचे कारण घरच्यांना ठाऊक नाही.

निजामी अमलात कळमनुरीच्या आमच्या पाठशाळेत आम्ही तिघे विद्यार्थी एक बंदी घातलेले मराठी पुस्तक गुरुजींना चोरून वाचत असू. रयतेच्या हक्कांविषयीचे ते पुस्तक पैनगंगेपलीकडून, वऱ्हाडातून आले होते.

"सरकार कागदाला काहून भ्यालं?" मी एकदा विचारले.

"कागदाला न्हाई, वाचणाऱ्याला," पाटलांचा मुलगा म्हणाला.

"मग तुला कोण भिणार? तुला अजून जोडाक्षरं येईनात!" तिसऱ्याने टोमणा मारला.

आमचे हसू ओसरते तोच ठाण्याचे फौजदार, अमीनसाहेब, झडतीसाठी अंगणात शिरले. पुस्तक सापडते तर पाठशाळेला कुलूप लागते. मी ते झटकन देव्हाऱ्यातल्या गुरुजींच्या पोथीच्या बासनात सरकवले आणि गाठ मारली.

गुरुजींना बोलावून घेऊन अमीनांनी पेट्या उपसल्या, अंथरुणे झटकली. शेवटी देव्हाऱ्याकडे बोट करून विचारले, "पंडितजी, इस कपड़े में क्या है?"

"पोथी," गुरुजी निःशंकपणे म्हणाले.

"पाक किताब है, तो मैं हात नहीं लगाता. मेरे हात मैले हैं."

आदाब करून ते निघून गेले.

सायंकाळी पारायणासाठी गुरुजींनी गाठ सोडली. ते पुस्तक त्यांनी तेथेच बसून पूर्ण वाचले. ते तेथे मीच दडवल्याचे मी कबूल केले.

"लिहिलेले खरे आहे. वाचत जा," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पण तो अमीन या बासनाला हात लावायला कचरला रे. तू नाही कचरलास?"

नकळत का होईना, आपल्या मुखातून असत्य गेले म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी उपवास धरला. मीही धरतो म्हटले, तर "तुझे वाढीचे वय आहे, जेव," म्हणून समोर बसून मला वाढले.

पुढे अमीनांची बदली झाली. त्यांच्यापाशी मन मोकळे करावे, तर गुरुजी अडकले असते. ते राहूनच गेले.

वाचकहो, शारदा आपल्या घरी अखंड नांदो. आपल्या लेकराबाळांना हवे ते पुस्तक अंगणातल्या उजेडात वाचता येवो, आणि ते दडवण्यासाठी कुणाच्या श्रद्धेचा आडोसा त्यांना कधी घ्यावा न लागो.