जाड आवाजाच्या तीन पोरी

परदेशी माल मिळायचा त्या बर्मा बाजारातून मी ती कॅसेट आणली तेव्हा आम्ही एन्नोरला, समुद्राकाठच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. वेष्टनावर परदेशातल्या तीन पोरी, केस फुगवलेले, कोटाच्या खांद्यांत उशा भरल्यासारख्या. माझं शिक्षण चौथीपर्यंत. गाण्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण नाचायला अक्षर कशाला लागतं? रविवारी मासे तळता तळता बायको त्या गाण्यावर कंबर हलवायची आणि मासे हमखास करपायचे. मी तसेच खायचो.

खाऱ्या हवेनं टेपरेकॉर्डरच्या आतला रबरी पट्टा सैल पडला, तेव्हा मी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून बसवली. काम पक्कं. टेप शेवटपर्यंत तिच्यावरच चालला.

आता आम्ही अड्यारला मुलाकडे असतो. नात शोळिंगनल्लूरला कंपनीत आहे, तिचं लग्न ठरलंय. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आजीनं नाचलंच पाहिजे, हा तिचा हट्ट. आजी म्हणाली, गुडघे दुखतात, पण त्या तीन पोरींचं गाणं असेल तर उभी राहीन.

नातीनं फोनवर गाणं शोधलं. चित्रातल्या पोरी त्याच, पण आवाज चिरके, आणि मागे कुत्रं लागल्यासारख्या धावत सुटलेल्या. बायकोनं दोन पावलं टाकली आणि खुर्चीत बसली. माझ्याच्यानं व्हायचं नाही, राहू दे, म्हणाली. नातीचं तोंड एवढंसं झालं.

मी सांगितलं, हे गाणंच नकली आहे. आमच्या पोरींचे आवाज जाड होते, त्या सावकाश, ऐटीत गायच्या. नातीनं खोदून खोदून टेपची चौकशी केली. पट्टीचं कळल्यावर ती हसत सुटली.

"आजोबा, पोरी नाही, त्या पट्टीमुळे तुमचा टेप हळू होता."

"टेपला नावं ठेवायची नाहीत."

"सरी, आजोबा," असं इथल्या भाषेत 'बरं' म्हणत तिनं फोनवर काहीतरी खटपट करून गाणं हळू केलं. आणि आल्या की आमच्या पोरी, त्याच जाड आवाजात! बायको कुणाचा हात न धरता उठली. पदर खोचला आणि कंबर हलली.

मी नातीला म्हणालो, बघ, आता सापडलं खरं गाणं. नाचता नाचताच बायको म्हणाली, "अहो, या चालीवर तुम्हालाही जमेल. उठा."

आता नातीनं आम्हा दोघांना सरावाला लावलंय. मला सरावाची गरज नाही, हे मी तिला रोज सांगतो. मग उठतो.