जनावरांना अहो म्हणणारे डॉक्टर

वालूरच्या दवाखान्यातले जनावरांचे डॉक्टर माणसांना अरे-तुरे करत आणि जनावरांना अहो-जाहो. आमच्या मांजरीच्या गळ्याखालचं गळू चिघळलं होतं. ती पाणीही पीत नव्हती, हात लावला की फाडायची. मी तिला पोत्यात घालून नेलं.

रांगेतला आमच्याच गावचा एक बैलवाला हसला, "बी.ए. होऊन मांजर आणलंय व्हय?"

"घरातला पहिला बी.ए. हाय मी," मी म्हणालो, "अन् मांजरबी घरातलंच हाय."

डॉक्टरांनी पोत्यावरूनच गुंगीचं इंजेक्शन टोचलं. "बाईसाहेब, झोपा जरा." थोड्या वेळानं पोतं उघडलं, तर ती उघड्या डोळ्यांनीच निपचित पडलेली. मला वाटलं, गेली. त्यांनी माझा हात तिच्या बरगड्यांवर ठेवला. "श्वास चालू हाय. हात काढू नको."

गळू फोडून, धुऊन झालं, तरी ती शुद्धीवर येईपर्यंत ते आम्हाला सोडेनात. शेवटी ती त्यांच्यावर फिस्कारली. तेव्हा कुठं त्यांनी कपाळाचा घाम पुसला. "ने आता यांना घरी."