पेरूतले पाच मामा आणि एक अंगठी

दह्याचे रिकामे डबे घरात आपोआप साठतात ना, तसे आमच्या मेलबर्नमधल्या क्रेगीबर्नच्या ग्रुपमध्ये किस्से साठतात. टाकवत पण नाहीत! ग्रुप म्हणजे मी, माझा नवरा सचिन आणि युनिव्हर्सिटीपासूनचे दोस्त मिलिंद-प्रज्ञा. यंदा आम्ही चौघं पेरूला जाऊन आलो.

मुख्य भानगड आधीच सांगते. मिलिंदच्या खिशात अंगठी होती! ट्रिपनंतर प्रज्ञा नव्या नोकरीसाठी कॅनबेराला, गुंगालिनला जाणार होती. सहा वर्षं ह्या शहाण्याने लग्नाचं नुसतं "बघू, बघू" केलेलं. "एकदा ती तिकडे गेली ना, की राहिलंच," तो आम्हाला म्हणाला, "ह्या ट्रिपमध्ये विचारतोच." बिचारा खरंच घाबरला होता.

*

निघायच्या आधी सासूबाईंना फोन केला. "आई, आम्ही पेरूला चाललोय."

"पेरूला? मेलबर्नला मिळत नाहीत का?"

सचिनने अर्धा तास देश, डोंगर, इंका राजे, सगळं समजावलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं. घेताना कडक बघून घे."

*

कुस्को शहर इतकं उंचावर, की बुटाची नाडी बांधली तरी धाप लागते. आमचा गाईड रूबेन तिथलाच, घरी क्वेचुआ बोलणारा. तो आम्हाला शहराच्या वर इंकांचे अवशेष दाखवायला घेऊन गेला. जागेचं नाव साक्सायवामान. सचिन शेवटपर्यंत "साक्षी वामन" म्हणत होता, जशी काही त्याच्या वर्गातच होती!

सचिन टायलर आहे, म्हणजे लोकांच्या घरी टाइल्स बसवतो. तिथले अवाढव्य दगड सिमेंटशिवाय एकमेकांना असे भिडलेत, की मध्ये नख जात नाही. त्याने एकेका सांध्यावरून बोट फिरवून बघितलं. मग हळूच मला म्हणाला, "रूबेनला आपल्या बाथरूमबद्दल काही बोलू नकोस."

तिथेच मिलिंदने पहिला ट्राय मारला. "प्रज्ञा... मला... तुझ्याशी..." पुढे श्वासच नाही! प्रज्ञाने झटकन ऑक्सिजनचा कॅन त्याच्या नाकाला लावला आणि ओरडली, "एक शब्द बोलायचा नाही!"

नाही बोलला.

*

रूबेनच्या घरी चिचा प्यायलो. चिचा म्हणजे मक्याची बिअर. पहिला घोट जमिनीवर ओतून रूबेन म्हणाला, "पचामामा!"

सचिन चमकला. "ह्याला कसं कळलं मला पाच मामा आहेत?"

रूबेनने समजावलं, पचामामा म्हणजे धरणीमाता, पहिला घोट तिचा. सचिनला फारच आवडलं. आमच्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ, असं सांगून त्याने एकेका मामाचं नाव घेत पाच वेळा ओतलं. ग्लास रिकामा!

रूबेन गंभीरपणे म्हणाला, "बरं झालं, मावश्या नाहीत."

*

दुसरा ट्राय रेस्टॉरंटमध्ये. मेणबत्ती, बासरी, सगळा थाट. मिलिंदने वेटरला डोळा मारून सांगितलं, "समथिंग स्पेशल, मेट!"

वेटरने झाकलेली डिश आणली. मिलिंदचा हात खिशात. झाकण उघडलं, तर आत दात विचकून पडलेला आख्खा भाजलेला गिनी पिग! आमच्याकडे लोक हा घुशीएवढा प्राणी हौसेने पाळतात, तिथे तो खास पाहुण्यांना वाढतात.

प्रज्ञा व्हेटच्या, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरच्या, क्लिनिकमध्ये काम करते. ती पांढरीफटक पडली. "अरे, अस्साच एक परवा आमच्याकडे नखं कापायला आला होता!"

अंगठी खिशातच राहिली. परतताना मिलिंद नुसता खिशातली अंगठी चाचपत होता. मला खरंच वाईट वाटलं त्याचं.

*

शेवटचा दिवस, माचू पिक्चू. आता नाही तर कधीच नाही. पायऱ्या चढताना प्रज्ञा अ‍ॅपवर शिकलेलं स्पॅनिश झाडत होती. स्पॅनिश कसलं, एकच शब्द: "सी", म्हणजे हो. रूबेन म्हणाला, "दमलीस?" सी! "फोटो काढू?" सी! मिलिंदचं तिकडे लक्षच नव्हतं. तो आपलं वाक्य पाठ करत होता.

वर पोचलो आणि धुकं हटलं. खाली इंकांचं ते सगळं दगडी शहर! मिलिंद सरळ गुडघ्यावर बसला, अंगठी काढली आणि एका श्वासात म्हणाला, "प्रज्ञा, माझ्याशी लग्न करशील?"

प्रज्ञाच्या डोळ्यांत पाणी, नाक सर्दीने चोंदलेलं, तोंडावर लोकरीचा मफलर. त्यातून ती जोरात ओरडली, "श्शी!"

रूबेनने टाळ्या वाजवल्या. सचिनने मिलिंदच्या पाठीत धपाटा घातला. मी तर रडायलाच लागले.

मिलिंदचा चेहरा मात्र पडला. तसाच गुडघ्यावर बसून, रडवेल्या आवाजात त्याने विचारलं, "शी... अंगठीला, की मला?"